चालूद्याची भिंत

जन्मभर माणसांची चित्रं काढली, पण एकाही माणसाला "जरा असेच थांबा" म्हणाला नाही, असा चित्रकार मी एकच पाहिला. तो उलटंच म्हणायचा. न्हावी दाढी करत असला, कुणी जाळं शिवत असलं, कुणी एसटीची वाट बघत जांभया देत असलं, की हा शेजारी कुठेतरी टेकायचा, मांडीवर वही उघडायचा आणि हात वर करून सांगायचा, "चालू द्या तुमचं, चालू द्या." त्यामुळे आमच्या थळ गावात हिराजी हे त्याचं नाव मतदार यादीपुरतं उरलं. बाकी सगळ्यांचा तो चालूद्या.

समोरच्याने केस सारखे केले किंवा पोट आत घेतलं, की वही बंद. रागवायचा नाही. विडी पेटवून समुद्राकडे बघत बसायचा. तो माणूस कंटाळला, पुन्हा स्वतःसारखा दिसायला लागला, की वही उघडायची. एकदा बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ इस्त्रीचा सदरा घालून त्याच्यापुढे खुर्ची टाकून पाऊण तास बसले. चालूद्याने त्यांच्या मागे झोपलेलं कुत्रं काढलं.

"अरे, यात मी कुठे आहे?" गृहस्थांनी विचारलं.

"तुमी अजून आलाच न्हाय, साहेब. नुसता सदरा आलाय."

पनवेलच्या बाजूला एका गॅरेजात त्याने तीस वर्षं ट्रक रंगवले. कमळं, मोर, जबडा उघडलेले वाघ, नंबर प्लेटजवळची लिंबू-मिरची. गुडघे बोलायला लागले तेव्हा गावी परतला आणि दुसऱ्याच दिवशी बंदरावर वही घेऊन बसला. म्हणायचा, "तीस वरीस गिऱ्हाइकाच्या डोक्यातला वाघ काढला, मास्तर. वाघानं मला कधी बघितला न्हाय, मी वाघाला न्हाय. आता समोर दिसंल तेच काढणार." रंग ट्रकचाच, ऑइलपेंट. कॅनव्हास म्हणजे उतरवलेले फ्लेक्स. वाढदिवस होऊन गेलेल्या पुढाऱ्यांचे फ्लेक्स तो मागून आणायचा, उलटे करायचा आणि पाठीवर चित्र काढायचा. एका कला महाविद्यालयात शिकवणाऱ्या मुलीने त्याची दहा-बारा चित्रं मुंबईला प्रदर्शनात नेली, तेव्हा ती दालनाच्या मधोमध टांगली होती म्हणे. पुढून सोडे वाळवणाऱ्या बायका, मागून हात जोडलेले लोकप्रिय नेतृत्व. चालूद्या तिथे अर्धा तास थांबला आणि परत आला. "का रे?" विचारलं तर म्हणाला, "सगली मानसं चित्रासमोर हाताची घडी घालून हुबी. कोन काय करीतच न्हवता. मी काय काढू तिथं?"

त्याचे खरे परीक्षक बसायचे मासळी बाजारात. चित्र पुरं झालं की तो ते कोळणींसमोर धरायचा. त्यांचं नाक-डोळ्यांकडे, रंगसंगतीकडे लक्ष नसे. मासळी ताजी आहे का, एवढंच बघत. मंजुळाबाय त्यांची म्होरकी. एकदा तिने चित्रातल्या सुरमईवर बोट ठेवलं.

"ही कालची हाय."

"कालची कशी? सकाळी काढली."

"डोला बघ तिचा. आत गेलाय. मेल्या, असली सुरमई माझ्या पाटीत दाखवतोस? गिऱ्हाईक काय म्हनंल?"

चालूद्या घरी गेला, डोळा पुसला, फुगवून पुन्हा काढला आणि संध्याकाळी परत दाखवून गेला. "आता इकली जाईल," असं मंजुळाबायने म्हटल्यावरच त्याने खाली सही केली.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मी चित्रकलेचा शिक्षक. एकतीस वर्षं हायस्कुलात मुलांना घडे, सफरचंदं आणि निसर्गचित्रं शिकवली. माझ्या स्वतःच्या निसर्गचित्रात दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक शिडाची होडी आणि डावीकडे वाकलेला माड असतो. तालुक्यातल्या बऱ्याच दिवाणखान्यांत तो माड आजही वाकलेला आहे. चालूद्या माझ्याकडे यायचा, चहा प्यायचा, चित्रं मन लावून बघायचा आणि दरवेळी तेच विचारायचा, "मास्तर, तुमच्या गावातली मानसं कुठं गेलीत सगली? लग्नाला?"

मी हसायचो. पण हसून झाल्यावर ते आत कुठेतरी टोचत राहायचं. मला माणसं काढता येत नसत. प्रमाण पाठ होतं. उभा माणूस किती डोकी उंच, पंजा हनुवटीपासून कपाळाच्या कडेपर्यंत, सगळं. त्या मापाने काढलेली माझी माणसं दुकानातल्या कपडे घातलेल्या पुतळ्यांसारखी उभी राहायची. चालूद्याला यातलं एक माप माहीत नव्हतं आणि त्याच्या चित्रातला माणूस पाठमोरा असला तरी कुणाचा कोण ते कळायचं.

सहा वर्षांपूर्वी बाजाराला नवी शेड झाली. मागची लांबलचक भिंत पंचायतीने चालूद्याला दिली. महिनाभर तो भर बाजारात, बर्फाच्या पाण्यात पाय ठेवून रंगवत होता. आणि भिंतीवर बाजारच उभा राहिला. कोयत्याच्या मुठीने पाठ खाजवणारी मंजुळाबाय. फोन मान आणि खांद्यात धरून बोंबील निवडणारा रिक्षावाला. सगळ्यांचे पंजे मात्र चांगले थोराड, चेहऱ्याहून मोठे. मी त्याला ते बोलूनही दाखवलं होतं.

"हात मोठे झालेत रे, हिराजी."

"व्हय. काम करताना मानूस सगला हातात उतरतो, मास्तर. मंग तोंडाला काय उरनार?"

आणि अगदी उजवीकडे, खाली, एक गृहस्थ पाटीवर ओणवे. बगलेत छत्री, पायजमा पाठीमागे ताणलेला आणि उजव्या हाताचं एक बोट वर. म्हणजे "वर एक बांगडा टाक." चेहरा दिसतच नव्हता. तरी पहिल्याच दिवशी सगळा बाजार म्हणाला, "मास्तर!"

पुढचे आठ दिवस मला रस्त्याने चालणं कठीण झालं. दुधवाला एक बोट वर करून हसायचा. माझे जुने विद्यार्थी "सर, पाठमोरे छान दिसता" म्हणून जायचे. घरी हिने तर सांगूनच टाकलं, "अगदी तुम्हीच. निदान पायजमा तरी नवा घ्या." आज हे लिहिताना मलाच हसू येतंय. तेव्हा आलं नाही. मुलांनी एकतीस वर्षं ज्याला उभं राहून नमस्कार केला, त्याची ओळख गावात आता ही, एवढंच डोक्यात बसलं.

तेवढ्यात सरपंच घरी आले. शनिवार-रविवारी मुंबईची गर्दी वाढत होती आणि भिंतीवर पाठ खाजवणारी बाई शोभते का, अशी कुरबुर कुणीतरी केली होती. सरपंच बिचारे गोंधळलेले. "मास्तर, गावात यातलं कळणारे तुम्ही एकटे. तुम्ही म्हणाल तसं."

मी म्हणालो, "प्रमाण साफ चुकलंय. हात बघा. असे हात माणसाला नसतात. जाणकार माणूस आला तर गावाला हसेल."

हे वाक्य मी तोलून मापून, शिक्षकाच्या आवाजात म्हणालो, आणि ते खोटं होतं. चूक नव्हती, खोटं होतं. कारण आदल्याच दिवशी सकाळी मी मंजुळाबायसमोर उभा होतो. ऊन डोळ्यावर आलं म्हणून तिने पंजा आडवा धरला, तर तिचा सगळा चेहरा त्यामागे गेला आणि तरी पंजा उरला. चाळीस वर्षं बर्फात आणि मिठात भिजून सुजलेला, जाडजूड पंजा. भिंतीवर होता तसाच. मी तो बघितला होता आणि बघितल्याचं माझ्या ध्यानातही आलं होतं.

भिंत पुसायची ठरली. "मग तिथे तुम्हीच काहीतरी छानसं काढा," सरपंच म्हणाले. मी नाही म्हणालो नाही.

सोमवारी सकाळी शिडी आणि चुन्याची बादली घेऊन मी बाजारात गेलो. चालूद्या आधीच येऊन बसला होता. आता हा भांडणार, म्हणून मी मनात उत्तरं तयार ठेवली होती. तो उठला, बादलीत डोकावला आणि म्हणाला, "चुना न्हाय धरनार, मास्तर. खाली ऑइलपेंट हाय. पयल्या पावसात सोलून निघंल. पॉलिश पेपर मारा, मंग प्रायमर. पर हलक्या हातानं घासा." मी पॉलिश पेपर आणेपर्यंत त्याने स्वतःकडचा आणला. शिडी डगमगत होती, तर तळाशी पाय लावून उभा राहिला. उजवीकडचं खालचं माझं चित्र तेवढं मी आधी घाईघाईने घासून प्रायमरने झाकलं. मग वर चढलो. शिडी स्थिरावल्यावर तो समोरच्या ओट्यावर जाऊन बसला आणि वही उघडली.

"चालू द्या तुमचं," म्हणाला.

टोमणा असता तर बरं झालं असतं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

आठवड्याभरात त्या भिंतीवर दोन डोंगर, सूर्य, शिडाची होडी आणि माड आला. शिडाची होडी आमच्या बंदरात कुणी शेवटची कधी पाहिली, विचारू नका. मला शाल मिळाली, नारळ मिळाला. पर्यटक त्या सूर्योदयापुढे उभे राहून फोटो काढतात. सहा पावसाळे झाले, रंगाचा एक टवकाही उडाला नाही. चालूद्याने सांगितलं तसं केलं होतं ना.

त्यानंतरही तो चहाला येत राहिला. भिंतीचा विषय त्याने कधी काढला नाही, मलाही जमलं नाही. रोज ठरवायचो, आज सांगू. मग चहा निवायचा. गेल्या वर्षी त्याची छाती भरली. भेटायला गेलो तर अंथरुणावर उशीला टेकून, भेटायला आलेल्यांची चित्रं काढत होता. मी खुर्चीवर बसलो, घसा साफ केला, "हिराजी, त्या भिंतीचं..." एवढं म्हणालो. त्याने वहीतून मान वर केली. "बोला की. बोलताना चांगले दिसताय, मास्तर. चालू द्या." आणि मी डॉक्टरांच्या औषधाबद्दल बोललो. चार दिवसांनी तो गेला.

दिवसकार्य झाल्यावर त्याची भाची एक गुंडाळलेला फ्लेक्स घेऊन आली. "मामानं तुमच्यासाठी ठेवलाय." उलगडला. एका बाजूला कुणा युवा नेत्याला शुभेच्छा. दुसऱ्या बाजूला शिडीवर मी, अर्थातच पाठमोरा. टकलावर प्रायमरचे थेंब. उजवी अर्धी भिंत पांढरी झालेली, डाव्या अर्ध्या भिंतीवर त्याच्या सगळ्या बायका अजून शाबूत. आणि ब्रश धरलेला माझा पंजा मंजुळाबायच्या पंजाएवढा थोराड, डोक्याहून मोठा. त्याचं चित्र पुसत होतो, तरी त्याने मला काम करणाऱ्यांत धरलं होतं.

तो फ्लेक्स मी कपाटामागे ठेवून दिला. वर्षभर तिथेच होता. गेल्या महिन्यात सरपंच पुन्हा आले. नवे आहेत, तरुण, माझेच विद्यार्थी. "सर, बाजारातल्या भिंतीला तुमच्या नावाची पाटी लावतोय. संगमरवरी." मी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "सर, हे मला सांगून काय उपयोग? बाजारात सांगा."

रविवारी मी फ्लेक्स घेऊन बाजारात गेलो, शेडच्या पाइपाला टांगला आणि कोळणींसमोर उभा राहून म्हणालो, "हिराजीने काढलेले हात बरोबर होते. मला ठाऊक होतं. माझी पाठ दिसली म्हणून मी खोटं बोललो."

मंजुळाबाय उठली, चित्राजवळ गेली, आधी त्यातल्या पाटीतल्या पापलेटचा डोळा बघितला. "ताजा हाय," म्हणाली. मग माझ्याकडे वळली.

"मास्तर, आमाला काय आमचं हात म्हाईत न्हवतं व्हय?"

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"हिराजी बोलू देईल तवा ना! म्हनाला, मास्तर कवा तरी सोताच सांगतील, गप ऱ्हा." तिने कोयता उचलला. "लई येल लावलात."

माझ्या नावाच्या पाटीचं रद्द झालं. सरपंचांच्या परवानगीने मी रोज सकाळी दोन तास बाजारात जाऊन माझा सूर्योदय घासतो. आता शिडी झेपत नाही, म्हणून स्टुलावर बसून खालून सुरुवात केली. पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर, हलका हात. प्रायमर चिवट आहे, दिवसाला वीतभर निघतो. खाली ओरखडे आहेत, पण रंग जिवंत आहे. आठव्या दिवशी पहिली आकृती पुरी बाहेर आली. बगलेत छत्री, ताणलेला पायजमा, एक बोट वर. हातातली मासळी टाकून सगळा बाजार हसायला लागला. मीही हसलो.

मंजुळाबायने डोळे पुसले आणि म्हणाली, "चला, मास्तर आले भाइर. आता आमाला काढा."

उद्या तिच्या हाताकडे सरकायचं आहे.