चावत नाही म्हणून नापास

चूक मामाची. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे "अरे, पण त्यांच्या वयाचा तरी मान..." असं कुणी मधेच सुरू करायला नको.

मामाचं सोलापुरात सात रस्त्याजवळ सुताचं गोदाम होतं. मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं आणि घरच्यांनी मला तिथं आणून टाकलं. गोदामात सुताचा बारीक भुसा उडतो. सकाळी झाडा, संध्याकाळी पुन्हा बोटभर थर! किस्से पण तसेच साचत गेले. त्यातले निम्मे एकट्या टायगरचे.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या गुढीपाडव्याला मामानं एका रिटायर रेल्वे साहेबाच्या बंगल्यावरून दोन महिन्यांचं अल्सेशियन पिल्लू आणलं. सुताच्या रिकाम्या पेटीत घालून. पेटी उघडली आणि मामानं सगळ्यांसमोर जाहीर केलं, "गोदाम राखायला आणलंय. पुढच्या वर्षीच्या दसऱ्यापर्यंत राखण करायला लागलं तर ठीक. न्हाय तर मुन्शिपाल्टीच्या गाडीत!"

मुदत दीड वर्षाची. ज्याला मुदत दिली तो त्या वेळी मामाच्या चपलेवर मुतत होता.

*

कुत्रं रागीट कसं करायचं, याचं मामाचं एक शास्त्र होतं. अंधाऱ्या खोलीत आखूड साखळीनं बांधायचं, माणूस दिसू द्यायचा नाही आणि भाकरीत तिखट कालवायचं. "तिखट खाल्लं की सोभाव तिखट होतो!"

मी म्हणालो, "मामा, मग तुम्हाला लहानपणी काय घालत होते?"

उत्तराऐवजी अडकित्ता आला. चुकवला.

आठ दिवस पिल्लाला शेंगाचटणी चालू होती. आपली सोलापुरी, लालभडक. नवव्या दिवशी ते इतकं कण्हायला लागलं, की मी साखळी सोडली. ते सुटलं ते थेट मामाच्या गादीवर! धुतलेली पांढरी चादर, तक्क्या, आणि पोटात आठ दिवसांची चटणी.

मामा आला. बघितलं. ओरडला, "कुणी केलं बे हे?"

आमचे गुरप्पा दिवाणजी चाळीस वर्षं मामाच्या हो ला हो म्हणत आलेले. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलले. "मालक, चटणीनं!"

*

टायगर आठ महिन्यांचा झाला आणि कुणावरही भुंकायला लागला. पोस्टमन, हमाल, वाऱ्यानं हललेलं पोतं. मामाची छाती फुगली. आला-गेला धरून दाखवायचा, "बघा, कसा तापलाय!"

मी बघत होतो. कान मागं पडलेले. शेपटी पोटात. सगळा भार मागच्या पायांवर. पुढं येतोय असं वाटायचं, पण पाय मागं सरकत असायचे.

आमचे ट्रक ड्रायव्हर रज्जाकचाचा. त्यांनी जन्मभर रस्त्यावरची कुत्री बघितलेली. ते म्हणाले, "मियाँ, ये गुस्सा नै. डर है, डर! दुम देखो, पेट में घुसी सो है."

मामा म्हणाला, "रज्जाक, तू गाडी चालव. कुत्रं मी बघतो."

चाचा हसले आणि खांद्यावरचं रिकामं पोतं नुसतं झटकलं. फाट्! टायगर उडाला तो सरळ मामाच्या धोतरात! मामा गोल फिरतोय, आतून कुत्रं गोल फिरतंय, मामानं दोन्ही हातांनी निऱ्या धरलेल्या.

चाचा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "सेठ, अब कुत्ता तुमीच देखो!"

*

त्या दिवसापासून कुत्रं माझ्याकडं आलं. मामानं दिलं म्हणून नाही, लाजेनं तो महिनाभर त्याच्याकडं बघत नव्हता म्हणून.

मी साखळी भंगारात टाकली. अंधाऱ्या खोलीचं दार काढून ठेवलं. रोज सकाळी टायगरला घेऊन सात रस्त्याच्या कडेला बसायचो. टांगे, सायकली, एसट्या, लग्नाचा बँड. पहिल्या दिवशी तो माझ्या मांडीखाली शिरला. पंधराव्या दिवशी शेजारी बसला. दोन महिन्यांनी बँड अंगावरून गेला, तर हा पाय ताणून जांभई देत होता! मी शिकवलं काहीच नाही. जग काय असतं ते त्याला बघू दिलं. कोण रोजचं आणि कोण नाही, हे ज्याला कळत नाही तो राखणार काय?

दिवाणजींना हे बघवेना. "कुत्र्याला बाजार दाखवतोय! आता कॉलेजात पण घाल की. तू सोडलेली जागा रिकामी आसंल."

मी म्हणालो, "घालतो की. तुमच्या पोराशेजारी बसवतो. तीन वर्षं पहिल्याच वर्षाला एकटा बसून कंटाळलाय तो!"

दिवाणजी माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. छान गेला आठवडा.

*

दीड वर्ष होत आलं. भुंकणं जवळजवळ बंद. मामा म्हणाला, "ह्याला मवाळ केलास बे तू! परीक्षा घेऊ."

चार व्यापारी बोलावले. चहा मागवला. चोर व्हायला नरसय्याला पकडलं. नरसय्या म्हणजे आमच्याकडून सूत नेणारा विणकर. तेलुगू माणूस, आठवड्यातून दोनदा येणारा. त्याच्या डोक्यावरून पोतं घातलं, हातात काठी दिली आणि मागच्या दारानं दबक्या पावलांनी आत सोडला.

टायगर उठला. व्यापाऱ्यांनी पाय वर घेतले. टायगरनं दोन पावलांवरून चाल ओळखली, वास घेतला आणि पोत्याखाली तोंड घालून नरसय्याचा हात चाटायला लागला.

व्यापारी हसून हसून लोळले. मामा लालबुंद!

नरसय्या पोतं काढून म्हणाला, "मालक, हे मला वळखतंय. चोर पायजे तर नवा आना!"

लाखातलं एक वाक्य. पण मामानं मलाच सुनावलं, "दसऱ्याला तीन आठवडे हायत. लक्षात ठेव."

मला त्या रात्री झोप आली नाही, हे मी कुणाला सांगितलं नाही. इथंच सांगतोय.

*

पुढच्याच आठवड्यात दुपारी एक गृहस्थ आला. वैरागच्या व्यापाऱ्याचा माणूस म्हणाला. स्वच्छ सदरा, गोड बोलणं. मामा घरी जेवायला गेलेला. दिवाणजींनी गादीवर बसवलं, चहा पाजला. गृहस्थानं टायगरला बिस्कीट टाकलं. टायगरनं बिस्कीट हुंगलं आणि तसंच ठेवलं.

थोड्या वेळानं गृहस्थ "जरा माल बघतो" म्हणून एकटाच आतल्या खोलीत गेला. तिथं महागाचं रेशीम असायचं, फक्त आमची माणसं जायची. बाहेर आला तर टायगर दारात उभा. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही. कान पुढं, शेपटी सरळ, चारही पाय जमिनीत रोवलेले. गृहस्थ डावीकडं सरकला, टायगर डावीकडं. उजवीकडं, तर उजवीकडं.

दिवाणजी ओरडले, "ए टायग्या, पाव्हणं हायत! जाऊ दे त्यांना!"

टायगर हलला नाही. मी पण त्याला काही सांगितलं नाही. मला बघायचं होतं.

पाच मिनिटांत गृहस्थ घामानं भिजला. मग त्यानं सदऱ्याखालून रेशमाच्या दोन लडी काढून जमिनीवर ठेवल्या. टायगर बाजूला झाला! माणूस पळाला तो चप्पल टाकून.

दिवाणजींनी रिकामा कप उचलला. मग म्हणाले, "चहा फुकट गेला की रे!"

मामा आल्यावर मी सगळं सांगितलं. मामानं एकच विचारलं, "चावलं का?"

"नाही."

"मग कसली राखण!"

साठ वर्षांच्या माणसाला चावणं आणि राखणं यातला फरक कळत नव्हता. दीड वर्षाच्या कुत्र्याला कळत होता.

*

दसऱ्याला चार दिवस होते. नरसय्या सूत परत घेऊन आला. "मालक, कुजकं हाय. मागावर घेतलं की तुटतंय. दोन दिवस माग बंद हाय माजा."

मामा म्हणाला, "माझं सूत कुजकं? तुझा हात कुजका!"

"हात तोच हाय मालक, वीस वर्सं. सूत नवं हाय."

लोक बघत होते. मामानं कोपऱ्यातली काठी उचलली.

मी मधे गेलो. "मामा, सूत कुजकंच आहे. पावसात भिजलेला गठ्ठा तुम्हीच वाळवून विकायला लावलात. मी वाळवलाय."

मामाचे डोळे फिरले. "कॉलेजातनं हाकललेलं कार्टं, माझ्या गोदामात, माझ्या तोंडावर..." काठी वर गेली. आता ती माझ्यासाठी होती.

ती खाली आली नाही.

टायगर वजनकाट्याशेजारून कधी उठला, कुणी बघितलं नाही. आवाज नाही. मामाचं मनगट त्याच्या जबड्यात होतं, आणि तो तसाच उभा होता. नुसतं धरून.

काठी पडली.

"सोड," मामा म्हणाला. टायगरनं सोडलं नाही. तो माझ्याकडं बघत होता.

मी म्हणालो, "टायगर, बस."

त्यानं सोडलं. बसला.

मामानं मनगट उजेडात धरून उलटसुलट बघितलं. लाळ होती. ओरखडा एक नव्हता. मग तो कितीतरी वेळ कुत्र्याकडं बघत राहिला. असं त्यानं दीड वर्षात एकदाही बघितलं नव्हतं.

"राखतंय की बे हे," तो हळूच म्हणाला.

मग दिवाणजींकडं वळला. "कुत्रं ठेवायचं. ह्याला काढा."

माझी नोकरी गेली. टायगर मामाकडं राहिला.