ज्या फळ्यावर लिहिलं

तात्या कुणाचीही चूक तिसऱ्या माणसासमोर काढत नसत. कडोदऱ्याच्या आमच्या कापडाच्या कारखान्यात, जिथे ते जुने कारागीर होते, हे सोपं नव्हतं. सगळे माग एकदम धडधडत, शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागे. तात्या मात्र चुकलेल्या कारागिराच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाहेर पाण्याच्या टाकीपाशी नेत आणि जे सांगायचं ते तिथे हळू आवाजात सांगत. एका नव्या उडिया कारागिराने अख्ख्या ताक्याचं कापड बिघडवलं, तेव्हाही त्यांचा आवाज चढला नाही.

ते शिरपूरकडचे, मीही तिकडचाच, म्हणून माझ्याशी अहिराणीत बोलत. "सांगानं शे ते कानमा सांग, भाऊ. बठ्ठासमोर नही," सगळ्यांसमोर नको, कानात सांग, हे त्यांचं नेहमीचं. झाडूवाल्यालाही ते नावापुढे भाऊ लावूनच हाक मारत.

आमचा मॅनेजर नेमका उलटा. त्याने दारात एक फळा लावला होता. पाळ्या, सुट्ट्या, निरोप सगळं त्यावर हिंदीत लिहायचं आणि खाली कुणाची ना कुणाची अब्रू काढायची. हा कामचोर, तो झोपाळू, तमक्याला अक्कल नाही. पाळी बदलताना सगळे तिथे थांबत. वाचता येणारा न येणाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवी आणि हशा पिके. मजकूर मॅनेजर सांगे, लिहायचो मी. मी तिथला कारकून. अक्षर चांगलं होतं आणि लाज कमी होती. तात्यांनी मला दोनदा टोकलं, तेही एकट्याला गाठून. साहेबांचा हुकूम आहे, असं सांगून मी हात झटकले.

मग लोटनचं झालं. लोटन तात्यांच्या शेजारच्या मागांवर होता. आई गेल्याची तार आली, तसा तो अंगावरच्या कपड्यांनिशी गावी निघाला. तात्यांनी लगेच ऑफिसात येऊन मॅनेजरला माझ्यादेखत सांगितलं. त्याने मान हलवली आणि तो विसरला. मी विसरलो नव्हतो. तरीही चार दिवसांनी त्याने सांगितलं, ते मी वळणदार अक्षरात लिहिलं: 'लोटन बिना बताए गायब. दारू पीके पड़ा होगा.' आज हे लिहितानाही हाताची चीड येते.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी लोटन परत आला. मजकूर तसाच होता, कारण पुसायलाही कुणी सांगितलं नव्हतं. त्याला वाचता येत नव्हतं, पण हजेरीच्या कार्डामुळे स्वतःचं नाव ओळखू येई. माझ्याबद्दल काय लिहिलंय, असं त्याने विचारलं. एकाने वाचलं. पाठीमागे उभे असलेले हसले. मग त्याने डोक्यावरचा रुमाल काढला. खाली मुंडण होतं.

तात्यांनी आपले माग बंद केले आणि ते फळ्यापाशी मॅनेजरसमोर येऊन उभे राहिले. त्या दिवशी पहिल्यांदाच ते सगळ्यांसमोर बोलले.

"साहेब, ज्या फळ्यावर लिहिलं, त्याच फळ्यावर माफी लिहा. कानात सांगितलेली आता चालणार नाही."

"मैं कारीगर से माफी मांगूंगा?" मॅनेजर म्हणाला. माग चालू कर, नाहीतर चालता हो, असंही त्याने बजावलं.

तात्यांनी वळून सगळ्यांकडे पाहिलं. एकानेही माग थांबवला नाही. ज्यांची नावं त्या फळ्यावर येऊन गेली होती, त्यांनीही नाही. मग त्यांनी खडू उचलून माझ्यापुढे धरला. "तू लिही. तुझ्याच हाताने लिहिलंय." मी खडू घेतला, मॅनेजरकडे पाहिलं आणि खडू खाली ठेवला.

तात्या लोटनला घेऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरने सांगितलेला नवा मजकूर मी लिहीत होतो: तात्याला कामावरून काढलं आहे, त्याच्याशी कुणी संबंध ठेवू नये. शेवटच्या ओळीवर असताना ते मागे येऊन उभे राहिले. आपला डबा न्यायला आले होते. त्यांनी पूर्ण वाचलं. आजूबाजूला माणसं होती, म्हणून ते माझ्या कानापाशी वाकले.

"अक्षर सुंदर शे तुनं," ते म्हणाले. आणि डबा घेऊन फाटकाबाहेर गेले.