भावोजींचा पाना आणि अंगणातला डाग

सैलपणाशी ज्यांचं जन्माचं वैर होतं असे गृहस्थ रत्नागिरीत एकच होऊन गेले, आणि ते माझ्या ताईचे यजमान होते. भावोजी वकील होते. दाव्याचे कागद ते स्वतः बांधत आणि अशा गाठी मारत की कोर्टात चाकू मागवावा लागे. कंदिलाची टोपी त्यांनी बसवली की त्यात रॉकेल भरण्यापेक्षा दुसऱ्या घरचा कंदील आणणं सोपं पडे. माझ्या लग्नाला ते मालगुंडला आले तेव्हा त्यांची वळकटी त्यांच्यासकट कुणालाच सुटेना. मी विळी आणली. ते म्हणाले, "कापू नकोस. बांधलेलं सोडायचं असतं, कापायचं नसतं." त्या रात्री ते कोट उशाला घेऊन उघड्या चटईवर झोपले आणि सकाळी चहाच्या वेळी पुन्हा गाठीशी बसलेले दिसले. ताईच्या स्वयंपाकघरातल्या काचेच्या बरण्यांची झाकणंही तेच लावत. मी बिऱ्हाडाच्या पायरीवर दिसलो की ताई म्हणे, "आलास? आधी गुळाची बरणी उघड, मग पाणी पी." गंमत अशी की इतकं पिळलेलं पत्र्याचं झाकण शेवटी वाकडं बसे आणि एका कडेने फट राही. मुंग्या तिथूनच शिरत. ताईला घरात मुंगी खपत नसे. "तुमच्या ताकदीला मी भिते, मुंग्या भीत नाहीत," असं ती सुनवायची. भावोजी यावर झाकण आणखी थोडं आवळत.

अशा माणसाने मोटार घ्यायला नको होती. पण स्वतःच्या लग्नात त्यांनी ताईला शब्द दिला होता की, एकदा तुला माहेरी मोटारीने नेईन. तो शब्द पुरा करायला त्यांनी एका आंबेवाल्याची टाकून दिलेली जुनी विलायती गाडी घेतली. मालगुंडला आमची आई वाट पाहत होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. लेक मोटारीतून उतरलेली आपल्याला दिसावी एवढंच तिचं मागणं होतं. आणि ते लवकर व्हायला हवं होतं, हे आम्ही सगळे न बोलता जाणून होतो.

गाडी तशी चालत होती. फक्त तेलाचा दाब दाखवणारा काटा मेलेला होता. इंजिनाच्या कुशीत सुपारीएवढा एक पितळी भाग असतो, तो तेलाचा दाब ओळखून समोरच्या काट्याला कळवतो. मेस्त्री लोक त्याला ऑइलचं बटण म्हणत. भावोजींनी मुंबईहून नवं बटण मागवलं आणि कुणालाही हात लावू न देता स्वतः बसवलं. काटा उठून उभा राहिला आणि त्याच दिवसापासून गाडी गळू लागली.

पावसाळा सरल्यावर ताई अंगण चोपून घेई आणि शेणाने सारवी. आता गाडीखाली ताटाएवढा काळा डाग पडू लागला, आणि तेल मुरलेल्या मातीवर सारवण काही धरेना. वाळलं की पापुद्रा निघून येई. ताईने एकदा हात धुतले आणि शांतपणे सांगितलं, "ह्या जागी सारवण धरेल त्या दिवशी मी तुमच्या गाडीत बसेन. तोवर आईला सांगा, लेक बैलगाडीने येईल." ताईचा शब्द भावोजींच्या गाठीसारखाच होता.

मग त्या बटणाची झटापट सुरू झाली. रोज कोर्टातून आले की भावोजी काळा कोट खुंटीला लावून पान्यासह बॉनेटात वाकत. जेवढं तेल गळे तेवढं ते बटण आवळत, आणि जेवढं आवळत तेवढं तेल गळे. शेजारी राजिवड्याकडचे एक तांडेल, मासेमारीच्या होडीचे म्होरके, राहायला आले होते. ते कुंपणावर कोपर टेकून बघत आणि म्हणत, "वकीलसाहेब, आमच्या मचव्यात पाणी आत येतं, तुमच्या मोटारीतनं तेल भायेर जातं. एक दिवस अदलाबदल करून बघू." भावोजी मान वर न करता म्हणत, "तुमचा मचवा कुणीतरी सैल बांधलाय, तांडेल."

शेवटी त्यांनी आपल्याकडचा रामबाण उपाय काढला. फुटक्या मडक्याला लावायला ताईने काडीला गुंडाळून ठेवलेला फणसाचा चीक त्यांनी दिव्यावर तापवला आणि बटणाच्या आट्यांना फासला. गार इंजिनात तो उत्तम धरला. गाडी कोर्टापर्यंत तापली तसा तो पाघळला, आणि परत येताना गाडीला फणसाचा आणि जळक्या तेलाचा असा वास होता की वाटेतली गुरं मागे वळून बघत होती.

मध्ये एकदा विजयाचा दिवसही आला. डाग तपासायला भावोजी गाडीखाली केळीचं पान अंथरत, ते त्या दिवशी कोरडं निघालं. त्यांनी पान ताईपुढे धरलं, तांडेलांना दाखवलं. "आणि काटाही बघ," ते म्हणाले, "कसा शांत बसलाय. जरा म्हणून हलत नाही."

ताई पदराला हात पुसत म्हणाली, "आत तेल आहे ना, पण?"

भावोजींनी इंजिनातली तेल मोजायची पट्टी बाहेर काढली. ती पानाइतकीच कोरडी होती. तांडेल कुंपणाआड खाली बसले आणि बराच वेळ दिसले नाहीत.

त्या संध्याकाळी मी तिथे होतो. भावोजी ओसरीवर बसले होते. मालगुंडहून निरोप आला होता की, आईला आता माणूस आवाजावरून ओळखावा लागतो. ताई गुळाची बरणी घेऊन बाहेर आली आणि त्यांच्या शेजारी बसली. "हे झाकण बघा," ती म्हणाली, "बसलं तिथे सोडलं असतंत तर घट्टच होतं. तुम्ही पुढे पिळता, मग ते वाकतं."

भावोजींनी ते झाकण बराच वेळ न्याहाळलं. मग उठून बटण सोडवलं. खालची तांब्याची चकती पिळून पिळून पापडासारखी पातळ आणि वेडीवाकडी झाली होती. त्यांनी नवी चकती घातली, बोटांनी बसेल तेवढं बटण बसवलं आणि पान्याने जरासा पीळ दिला. तिथे त्यांचा हात थांबला. थांबला खरा, पण पाना सोडीना. कपाळावर घाम आला. शेवटी त्यांनी तो पाना ताईच्या हातात दिला आणि म्हणाले, "हा कुठेतरी ठेव. कुठे ते मला सांगू नकोस."

पुढे कितीतरी सकाळी केळीचं पान कोरडं निघालं, आणि पट्टीवर तेल जिथल्या तिथे. ताईने डागाची माती उकरून नवी भरली, चोपली, सारवली. सारवण धरलं. ताई गाडीत बसली.

जाकादेवीवरून मालगुंडला जाताना भावोजी अर्धं रस्त्याकडे आणि अर्धं काट्याकडे बघत होते. घराशी पोचलो तेव्हा आई दारात उभी होती. तिने गाडीच्या दिशेने हात पुढे केला, बॉनेटवरून फिरवला, मग पुढे येऊन ताईच्या तोंडावरून फिरवला. "दिसलीस गो बायो," ती म्हणाली. तिला किती दिसलं, देव जाणे. भावोजी गाडीच्या पलीकडे वाकून उगाचच चाक बघत होते.

इंजिनाशी त्यांनी नंतर समजुतीने घेतलं. बरण्यांशी मात्र शेवटपर्यंत नाही. ह्या वर्षी ते गेले. तेरावा झाल्यावर मी ताईपाशी राहिलो होतो. ती आमटी करत होती, मला म्हणाली, "तांडेलांकडून गुळाचा खडा आण."

फडताळात गुळाची बरणी भरलेली दिसत होती. मी सवयीने ती हातात घेतली आणि झाकणाला पीळ दिला. ते जागचं हललं नाही.

"ठेव ती," ताई मागे न वळता म्हणाली. "त्यांनी लावलंय."

मी बरणी जागेवर ठेवली. झाकणाच्या एका कडेने मुंग्यांची बारीक रांग आत जात होती. मी फडकं उचललं. ताईने वळून रांगेकडे पाहिलं आणि माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"जाऊ देत त्या," ती म्हणाली.