कार्डावर अर्धा राहिलेला बाप

त्या दुष्काळात आमच्या बालाघाटाच्या कडेला गवताची काडी उरली नव्हती. सहकारी सोसायटीनं तेलगावकडच्या माळावर चारा छावणी उघडली, तिथं मी म्हैस घेऊन गेलो. पत्र्याच्या खोलीत कॉम्प्युटर अन् त्याच्यासमोर अंबाजोगाईची एक पोरगी. तिनं छापलेलं कार्ड माझ्या हातात दिलं. त्यावर सही केली की रोजचा चारा सुरू.

मला अक्षरं थोडीच येतात, पण येतात ती पक्की. आडनाव होतं, माझं नाव होतं. त्यापुढं बापाचं नाव मधेच तुटलेलं, अन् तुटल्या अक्षराचा मोडका पाय खाली लोंबत होता.

"पोरी, माझा बाप अर्धाच काहून?"

"आबा, नावाला ठरलेली घरं असतात. नाव छोटं असलं की मागं रिकामी घरं भरायची, लांब असलं की कापायचं. मग सगळ्यांच्या जनावरांचे अन् चाऱ्याचे आकडे एका रेषेत येतात. त्यासाठी आयता कोड मिळतो, त्याला लायब्ररी म्हणतात."

"आमच्या गावच्या लायब्ररीत पेपराचं पान फाडलं तर हाकलून देतात. तुमच्यात बाप फाडायची सोय हाय व्हय?"

ती हसली, मग पडद्यावर बोट ठेवून मोजू लागली. माझ्या डोळ्याला एक अक्षर दिसायचं, पण मशीन काना, वेलांटी, उकार, जोडाक्षराचा पाय सगळ्यांना वेगळं घर देत होतं. आमच्या नावांत जोडाक्षरं दाटीवाटीनं बसलेली. बापापर्यंत येईस्तोवर घरं संपली होती.

तेवढ्यात सोसायटीचा सेक्रेटरी आला. "आबा, सही ठोका. म्हशीला काय नाव वाचायचंय?"

"म्हशीला न्हाई. मला वाचायचंय."

माझ्यामागच्या रांगेतून माझ्याच वयाचा एक गडी ओरडला, "अंगठा दे बे, लई शाना झालास!"

"तुझा दे. माझा कासऱ्यात गुतलाय."

"सही न्हाई तर चारा न्हाई," सेक्रेटरीनं सांगून टाकलं.

बाहेर म्हैस हंबरत होती. घरातलं उसाचं शेवटचं वाढं तिनं सकाळीच संपवलं होतं. तरी मी हललो नाही.

बाप जन्मभर ऊसतोडीला गेला. मुकादमाच्या तोंडी तो अन् आई मिळून 'एक कोयता'. उसाच्या फडात त्याला कुणी नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. मी शाळेत फार टिकलो नाही, पण टिकलो तेवढ्यात त्याचं नाव लिहायला शिकलो. पाचटाच्या कोपीच्या दारात काडीनं मातीवर लिहून दाखवलं, तर त्यावर पाय पडू नये म्हणून तो वळसा घालून आत गेला. त्या नावाचा तुकडा मी ह्यांना पाडू देणार होतो होय!

पोरीनं कापणं बंद करून पाहिलं. पडद्यावर नाव पुरं आलं, पण त्यानं माझे आकडे रेषेबाहेर ढकलले.

"बघा," सेक्रेटरी म्हणाला, "तुमचे आकडे शेजारच्या रकान्याच्या बांधात घुसले."

"मग बांध सरकवा."

पोरगी हनुवटीला हात लावून बसली. मग म्हणाली, "सर, आकडे आधी घेऊ, नाव शेवटी. मागं कुणी नसलं तर ते ढकलणार कुणाला? कापायलाही नको."

"सगळी कार्डं परत छापायची? कागद काय फुकट येतो?"

तोवर तिनं बटण दाबलं होतं.

नवं कार्ड मी उजेडात धरलं. "ही आकड्याच्या पुढं शून्यं कशाची?"

"रेष सरळ राहावी म्हणून भरलीत, आबा. त्यांना किंमत काही नाही."

"मग राहू दे. बिनकिमतीच्यांना पुढं बसवायची सवय हाय सोसायटीला."

रांग खो खो हसली. सेक्रेटरीनं खिडकीकडं तोंड फिरवलं.

शेवटी बाप पुरा उभा होता. मी दोनदा वाचला अन् पेन मागितलं. मी सहीत बापासकट नाव लिहितो.

"आबा, सही चौकटीच्या बाहेर चाललीय," पोरगी म्हणाली.

"जाऊ दे."

बापाचं शेवटचं अक्षर कार्डाच्या पार काठावर गेलं. त्याची उभी रेघ मी खालपर्यंत ओढली, पेन पोरीला दिलं अन् चाऱ्याची पेंढी खांद्यावर टाकली.