सारवलेल्या मोटारीतून कोळवणला

देवीचा मुखवटा सोनाराकडून दुरुस्त होऊन आला की तो कोळवणपलीकडच्या आमच्या गावी पोचवायचा, हे ठरलेलेच होते. गावचा उत्सव वैशाखी पौर्णिमेला, आणि मुखवटा बसल्याशिवाय संध्याकाळची पालखी हलत नाही. एरवीसारखे पहिल्या एस.टी.ने गेलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण धाकटे दीर, वसंतभावजी, म्हणाले, "वहिनी, देवी आणि एस.टी.त? मग माझी मोटार काय लोणचं घालायला ठेवलीय?"

भावजींचे तसबिरींना काचा बसवायचे दुकान. मोटार त्यांनी कुणा जहागीरदाराकडून जुनी घेतली, तिचे कापडी छत फाटके होते. दुसऱ्याने कापड शिवून घेतले असते. भावजींनी सागवानी चौकट करून वर जाड काच बसवली. "आजवर देव काचेत बसवले, आता आपण बसू," म्हणाले. थंडीत एकदा तिच्यातून फिरून आलो तेव्हा डोक्यावर चांदण्या दिसल्या, त्या खरेच सुरेख होत्या. वैशाखाचा विचार कुणी केला नव्हता.

मुखवटा म्हणजे चांदीचा पातळ पत्रा आणि आत भरलेली लाख. सोनाराने चेपलेले नाक सरळ करून दिले आणि बजावले, "ऊन लागू देऊ नका. लाख मऊ पडली तर चेहरा बसेल."

मुखवटा न्यायला गावाहून धोंडिबा गुरव आले होते. त्यांनी तो निरखला. "नाक लईच सरळ झालं," म्हणाले, "बाया वळखत्याल का?"

मी पांघरायला धुतलेले फडके आणले, तर त्यांनी हात आडवा धरला. "तोंड झाकायचं न्हाई, वैनी. देवीचं तोंड झाकलं म्हंजी गावाला सुतक." डब्यात ठेवायचे नाही, आडवे करायचे नाही. मांडीवर, उभे आणि उघडे.

पहाटे निघायचे होते. पण हार, लिंबू, नारळ, मग भावजींचा मोटारीला टेकून फोटो, यात दहा वाजले. तुम्हाला उन्हाळ्यात जायचे असेल तर माझे ऐका, सूर्य उगवायच्या आत कोथरूड मागे टाका. आम्ही ते टाकले तेव्हा बरणीतल्या लिंबांसारखे मुरायला लागलो होतो. खिडक्या उघडल्या तर आत झळा आल्या, लावल्या तर होत्या त्या आतच राहिल्या.

ह्यांनी आतल्या आत छत्री उघडून देवीवर धरली. धोंडिबांना त्यात गैर वाटले नाही, देवीला छत्र असतेच. पण छत्रीची काडी त्यांच्या पागोट्यात अडकली आणि दर खड्ड्याला पागोटे वर जाऊन पुन्हा डोक्यावर बसू लागले.

भूगावला चहाला थांबलो. चहा बरा होता, दोन आण्यांत कपबशी भरून मिळाला. मी हॉटेलवाल्याकडे बादलीभर पाणी मागितले तसे भावजी हात पसरून मोटारीसमोर उभे राहिले.

"वहिनी, काच तापलीय. गार पाणी पडलं की तडकणार, आणि मग सगळी देवीच्या अंगावर."

त्यांचा धंदाच काचेचा, तेव्हा त्यांचे खरे मानले. हॉटेलवाल्याचे कोरडे गोणपाट मागून टपावर बांधले. पिरंगुटच्या घाटात वाऱ्याने ते उचलले आणि समोरून येणाऱ्या बैलगाडीवाल्याच्या तोंडावर नेऊन टाकले. आतून आवाज आला, "आरं, कुणी दिवस बुडवला?" त्याची क्षमा मागून गोणपाट त्यालाच दिले.

परत आत बसले आणि देवीकडे बघितले. नाक डावीकडे सरकले होते.

"भिऊ नका," धोंडिबा म्हणाले, "देवी इचार करतीया."

"नाकाने?" ह्यांनी विचारले.

मी रामरक्षा म्हणत होते. अजून पौड लांब, पुढे कोळवणपर्यंत कच्चा रस्ता. संध्याकाळी पालखीत बिनचेहऱ्याची देवी बसवायची की काय, या विचाराने माझी एक ओळ दोनदा म्हणून झाली.

कासार आंबोलीजवळ आंब्याखाली गुरे बसली होती आणि एक बाई पाटीत शेण गोळा करत होती. मला एकदम सुचले. ताजे शेण कोमट असते, त्याने काच तडकायची नाही. आणि देवीचे तोंडही झाकले जात नाही, छप्पर तेवढे झाकते. मी मोटार थांबवायला लावली आणि बाईकडे शेण मागितले.

"कशाला पायजे?"

"मोटार सारवायचीय."

बाईने मोटारीकडे, मग भावजींकडे बघितले. "घर सारवत्यात ते म्हायती हाय. काचंचं छप्पर केलं कशाला पन?"

"आकाश दिसावं म्हणून," भावजी म्हणाले.

"ते भाईर हाय की."

यावर भावजींनी मोटारीचे दार उघडले. आत जाऊन बसले. मी पदर खोचून दाराखालच्या पायरीवर चढले, पलीकडून ती बाई चढली, आणि आम्ही दोघींनी टप सारवायला घेतले. आत भावजी मान वर करून आपले आकाश विझताना बघत होते. मी विचारले, "कुठे उजेड राहिलाय का?"

आतून अगदी बारीक आवाजात, "डावीकडे, वहिनी. कोपऱ्यात."

बाईने पैसे घेतले नाहीत. देवीला हात जोडले, भावजींना म्हणाली, "वाळलं की एक हात आनि फिरवा, भावजी, न्हाईतर पोपडं धरतंय," आणि पाटी उचलून गेली.

आत माजघरासारखे गार झाले. पौडला लोक भोवती जमले. एकाने विचारले, "हा गोठा कुटं चाललाय?" पौडच्या माशा मात्र थेट कोळवणपर्यंत आमच्याबरोबर आल्या. लाख घट्ट झाली होती, पण नाक जिथे सरकले होते तिथेच राहिले. मी काही त्याला हात लावला नाही.

उन्हे कलताना देवळात पोचलो. धोंडिबांनी मुखवटा पाटावर ठेवला. म्हाताऱ्या बाया पुढे वाकल्या. मी खांबाआड उभी राहिले.

"सोनारानं नाक हाय तसंच ठिवलं बगा," त्यांतली सर्वांत थोरली म्हणाली. "सरळ केलं असतं तर कुनाच्या पाया पडायचं, त्येच कळलं नसतं."

धोंडिबांनी आधी देवीला नमस्कार केला, मग बाहेर येऊन मोटारीच्या टपाला. पालखी वेळेवर निघाली.

रात्री गावात आंबेमोहोराचा भात आणि आमटी जेवलो. त्या भाताचा वास अजून आठवतो. मुक्काम करून पहाटे निघालो. वाटेत करवंदे जरूर घ्या, पानाच्या द्रोणात मिळतात. पण पिकल्या करवंदांवर बसू नका, ह्यांच्या धोतराचे डाग अजून गेलेले नाहीत.

घरी आल्यावर वाटले, भावजी आधी टप धुतील. धुतले नाही. आपल्या बसायच्या जागेच्या वर तेवढे ताटलीएवढे भोक खरवडले. त्यातून येणारे ऊन नेमके त्यांच्या टकलावर पडते, म्हणून ते टोपी घालून बसतात. हे म्हणाले, "अरे, टोपी घातल्यावर वर बघणार कसा?"

"बघायचं कशाला, दादा?" भावजी म्हणाले. "ते बाहेर आहे की."

आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, शनिवारी जरा वेळ आहे का? पोपडे धरलेत."