तंबाखूला विटाळ नव्हता

झरीच्या शाळेत मी मास्तर होतो तेव्हा गावात माझ्या घरचं पाणी कुणी पीत नव्हतं. आम्ही बौद्ध झालो त्याला वीस वर्षं होत आली होती, पण गावाची रीत जुनीच. हॉटेलात माझा कप वेगळा, म्हणून मी तिथे कधी चहाच प्यालो नाही. माझ्या तळहातावरची मळलेली तंबाखू मात्र सगळ्यांना चालायची. पन्नास एकरांचा मालकही हात पुढे करून म्हणायचा, "गुरुजी, चिमूटभर इकडं बी द्या." तंबाखूला विटाळ नव्हता. हे सोयीचं सोवळं मला कळत होतं, रागही यायचा. तरी द्यायचो, कारण बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं. माझी सगळी उठबस त्या चिमटीवर चालली होती.

डाव्या गालात जखम झाली तेव्हा मी म्हटलं, चुना लागला. तूप लावलं, कात लावला, आणि तंबाखू उजव्या गालात धरू लागलो. पोरांना विज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं हे शहाणपण! चार महिन्यांनी भाकरीचा घास तोंडात घेताना डोळ्यांत पाणी यायला लागलं, तेव्हा कुठे परभणीला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी मुंबईची चिठ्ठी दिली.

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात जबड्याचा तुकडा काढला, मानेतल्या गाठी काढल्या, आणि मग कित्येक दिवस गालाला यंत्राचा शेक दिला. वेळेत आलात म्हणून वाचलात, असं डॉक्टर म्हणाले. परत आलो तेव्हा गाल बसला होता, थुंकी आटली होती आणि तोंड दोन बोटं जातील एवढंच उघडत होतं. माझे शब्द पोरांना कळेनात, म्हणून शाळेत मला दाखले लिहायला बसवलं. घरी मी भाकरी दुधात कुस्करून, भिंतीकडे तोंड करून खायचो. पाहणारं कुणी नव्हतं, तरीही.

तंबाखू सुटली, पण चंची मी ठेवली. संध्याकाळी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यासाठी मळायचो. जिनं मला खाल्लं तीच मी दुसऱ्याला वाढायला बसलो होतो, हे कळत होतं. पण माणसासाठी मी इतका हपापलो होतो. आणि घेईना कुणीच. रोग लागट आहे असं गावानं ठरवून टाकलं होतं. लोक लांबूनच "बरं हाय का गुरुजी?" म्हणायचे आणि उत्तर यायच्या आत पुढे निघून जायचे. मग मळलेली तंबाखू मी झटकून टाकायचो.

पहिला आला तो पलीकडच्या आळीतला एक शेतकरी. चार एकरांचा धनी, माझ्याच वयाचा. आजाराआधी रोज येऊन बसायचा. मी त्याला दादा म्हणायचो. एका संध्याकाळी तो सरळ ओट्यावर येऊन टेकला.

"मळा की गुरुजी. लय दिस झाले."

मला रडू आवरेना. मळली, वरचा भुगा उडवला, तळहात पुढे केला. त्यानं चिमूट उचलली आणि गाल ओढून तोंड उघडलं. आत पांढरा चट्टा होता, कडेनं लाल. माझाही असाच सुरू झाला होता.

मी त्याचं मनगट धरलं. "दादा, टाका ती. उद्याच परभणीला चला माझ्यासंगं."

"चुन्यानं झालंय ते."

"मी बी असंच म्हणलो होतो."

त्यानं हात सोडवून घेतला. "मी बसाया आलो, आन् तुमी भेव घालायलाव. कुणी येत न्हाई तुमच्याकडं, ते उगं न्हाई."

उठून गेला तो पुन्हा आला नाही. मी दोनदा त्याच्या दारात गेलो. दोन्ही वेळा आतून निरोप आला, घरी न्हाईत. आणि त्याच्या वहाणा उंबऱ्याशी पडलेल्या. दुसऱ्यांदा मी चिडलो. मर मग, असं मनात म्हणालो. म्हणालो होतो, लपवत नाही.

वर्षभरानं तो आपणहून आला. गाल बाहेरून फुटायला आलेला, मानेत लिंबाएवढी गाठ. मी त्याला मुंबईला नेलं. डॉक्टरांनी गाठ चाचपली, ती जागची हलत नव्हती. दुखणं कमी व्हायच्या गोळ्या लिहून दिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, घरी न्या. त्याला वेगळं सांगावं लागलं नाही.

मनमाडला आम्ही गाडी बदलली. समोरच्या बाकावरचा माणूस तंबाखू मळत होता. दादानं मला कोपरानं ढोसलं.

"आता काय बिघडायचंय, गुरुजी?"

मी त्या माणसाकडून थोडी मागून घेतली आणि माझ्या तळहातावर पुन्हा मळली. दादानं हात उचलला, पण तोंड उघडेना. "तुमीच ठिवा," म्हणाला. मी माझ्या बोटांनी ती चिमूट त्याच्या चांगल्या बाजूच्या ओठाआड ठेवली. मग तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसला. कित्येक वर्षांत माझ्या इतक्या जवळ कुणी बसलं नव्हतं. परभणी येऊच नये, असं मला वाटत राहिलं.