पुढे कॅम्पर, मागे जीप आणि आंबा घाटातला दगड

बहारीनमध्ये सनाबिसला आमच्या बिल्डिंगखाली एक जीप उभी असते. आमच्या लग्नापेक्षा जुनी, चारही चाकांना जोर असलेली, रंगाने कधीकाळी हिरवी. आमचे हे गॅरेजमध्ये मेकॅनिक. आठवडाभर लोकांच्या गाड्यांखाली झोपून झालं की शुक्रवारी स्वतःच्या गाडीखाली झोपतात. कॉलनीतल्या बायका नवऱ्याबरोबर मॉलमध्ये जातात, मी नवऱ्याचे पाय बघत बसते.

गेल्या हिवाळ्यात मी निक्षून सांगितलं, सखीरच्या वाळवंटात कॅम्पिंगला जायचं आणि जीपही न्यायची. जाऊन येईपर्यंत काही मोडतोड न होता ती वाळूत चालली तर ठेवा, नाहीतर अबू युसूफना देऊन टाका. अबू युसूफ हे आमचे शेजारी, म्हातारे बहारिनी गृहस्थ. त्यांचा या जीपवर कधीपासून डोळा. अट ऐकून ते इतके खूश झाले की त्यांनी स्वतःचा कॅम्परच आम्हाला वापरायला दिला. आत गाद्या, शेगडी, चिमुकलं बेसिन, पुढे इंजिन, म्हणजे चाकांवरचं घरच.

जीप हायवेवर तापते, म्हणून तिला लोखंडी दांड्याने कॅम्परला जोडून ओढत न्यायचं ठरलं. कोणी असा बेत करणार असाल तर मागच्या गाडीचे गिअर न्यूट्रलला हवेत, स्टेअरिंग मोकळं हवं, दिवे चालू हवेत आणि हँडब्रेक खाली हवा. हे शेवटचं घोकून ठेवा.

शुक्रवारी सकाळी निघालो. मी, हे आणि आमची नववीतली सई. रस्ते लोण्यासारखे आणि आमची वरात चाललेली बैलगाडीच्या चालीने. वाटेत रिफ्याला पेट्रोल पंपावर करक, म्हणजे इथला उकळून दाट केलेला दुधाचा चहा आणि ऑम्लेट गुंडाळलेली चपाती घेतली. ही न्याहारी सुट्ट्या नाण्यांत होते आणि चुकवू नये अशी असते.

चहा घेऊन वळते तर हे जीपच्या चाकाखाली दगड सरकवत होते. ह्यांचं गाव साखरपा, आंबा घाटाच्या पायथ्याशी. तरुणपणी घाटात ट्रक चालवला. गाडी थांबली की हँडब्रेक ओढायचा आणि चाकाला दगड लावायचा, हे हाडात मुरलेलं. लोक गावाहून आंबे आणतात, आमच्या ह्यांनी बॅगेतून आंबा घाटातला दगड आणलाय. आणि इथे उतार म्हणावा तर मॉलच्या पार्किंगचा.

"अहो, रिफ्याचा पेट्रोल पंप कुठे घरंगळणार आहे?" मी म्हटलं. सई हसली, चहावालाही हसला. हे ओशाळले. दगड उचलून कॅम्परमध्ये टाकला आणि घाईने निघाले.

सखीरच्या रेसच्या ट्रॅकजवळ आलो तेव्हा शेजारून एक पिकअप हॉर्न वाजवत आला. "भाई, पीछे धुआँ है!"

उतरून बघतो तर जीपखालून धूर आणि जळका वास. दगड उचलला, पण हँडब्रेक ओढलेलाच राहिला होता. जुना ब्रेक, धड धरतही नाही आणि सोडतही नाही. सगळ्या रस्ताभर घासत आला आणि जळून गेला.

"इंजिनला काही झालेलं नाही," हे पुसट आवाजात म्हणाले.

"मोडतोड म्हणजे मोडतोड. खलास," मी म्हटलं. जिंकल्याचा आनंद मला झाला, खोटं कशाला बोलू?

सखीरला आमचे मित्र, रत्नागिरीचे इक्बालभाई आणि नजमाभाभी तंबू ठोकून आमची वाट बघत होते. सीझनमध्ये तंबूसाठी परवानगी आधीच काढावी लागते, ती त्यांनी काढली होती. भाभींनी सुरमईचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या आणल्या होत्या. वारा असा गार की शाल लागावी. सगळी हकिकत ऐकून इक्बालभाई म्हणाले, "वहिनी, हँडब्रेक काय गाडी चालवतो? तो तर थांबवतो." मी बधले नाही. उलट खिडकीतून मोकळं वाळवंट दिसावं म्हणून कॅम्पर तंबूच्या पुढे न्यायला लावला.

"तिथे वाळू भुसभुशीत आहे," हे म्हणाले.

"हरलेल्यांनी बोलायचं नाही," मी म्हटलं.

शनिवारी सकाळी निघायची वेळ झाली आणि कॅम्परची मागची चाकं जागच्या जागी फिरत खाली गेली. फावडं झालं, फळ्या झाल्या, चाकांतली हवा कमी करून झाली. इक्बालभाईंची गाडी साधी, तिचा उपयोग नव्हता. आजूबाजूच्या तंबूंतली माणसं साखरझोपेत. आता अबू युसूफना काय तोंड दाखवायचं?

ह्यांनी जीपला जाड दोर बांधला. कॅम्पर सांभाळायला ते स्वतः हवेत, इक्बालभाईंना क्लचची सवय नाही. लायसन्स असलेली उरले मी. या जीपच्या स्टेअरिंगला मी कधी हातही लावला नव्हता.

सई टुणकन माझ्या शेजारी बसली. "आई, फोर व्हील लो. नाऊ फर्स्ट गिअर. क्लच स्लोली, डोन्ट पॅनिक."

"तुला हे कोणी शिकवलं?"

"बाबांनी. एव्हरी फ्रायडे."

मला वाटायचं, शुक्रवारी ही मोबाइल घेऊन मैत्रिणींकडे जाते. जीपखालून मला दिसायचे ते ह्यांचेच पाय, पलीकडच्या बाजूला कोण बसलंय हे मी कधी वाकून बघितलंच नव्हतं. मला भरून आलं, पण क्लच सोडायचा होता.

जीप गुरगुरली. दोर ताणला. आधी काहीच हललं नाही, मग चारही चाकांनी वाळू धरली आणि ते चाकांवरचं घर हळूहळू माझ्या मागून वर आलं. इक्बालभाई टाळ्या वाजवत होते. मी थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. दोर सोडवून घेतला, भाभींना मागे बसवलं आणि समोरचं टेकाड चढून पलीकडे उतरले. भाभी अल्लाचं नाव घेत होत्या आणि मी वेड्यासारखी हसत होते. परत आले तर हे नुसते बघत उभे.

"पुन्हा एकदा जाऊ?" मी विचारलं. मग हेही बसले.

परतीला हँडब्रेक उरलाच नव्हता, त्यामुळे प्रवास सुखाचा झाला.

सनाबिसला अबू युसूफ खालीच उभे होते. "यल्ला मदाम, गाडी अब मेरा?"

ह्यांनी मान खाली घालून खरं सांगायला तोंड उघडलं. "हँडब्रेक..."

"मफी, नहीं, अबू युसूफ," मी मध्येच म्हटलं. "गाडी नहीं देना."

त्यांनी कॅम्परच्या आसाला चिकटलेली वाळू बघितली, जीपमध्ये पडलेला दोर बघितला आणि पोट धरून हसले. "इंशाल्ला, अगले साल."

चपलांमधली वाळू अजून घरात सापडते. शुक्रवारी जीपखालून आता पायांच्या तीन जोड्या दिसतात, असं कॉलनीतल्या बायका म्हणतात. हँडब्रेकचा जुना भाग मात्र कुठे मिळत नाही. परवा जीप बिल्डिंगखाली लावली, त्या सपाट, ताटासारख्या जागेवर. हे दगड काढायला मागे वळले, तेव्हा तो मी आधीच चाकाखाली सरकवला होता.